मस्टँगची पुढची जाळी: बदलावी कशी आणि मनासारखी करावी कुठपर्यंत

दादरला राहणाऱ्या एका गाडीमालकाने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकमधून उडालेला दगड लागून वरच्या जाळीचे दोन-तीन कप्पे तुटले आहेत आणि मधल्या घोड्याच्या चिन्हावरचा क्रोमही सुटू लागला आहे. कंपनीचीच जाळी मागवावी, बाजारातली तयार जाळी बसवावी की धातूची जाळी आणून मनासारखी करून घ्यावी, हे त्यांना ठरवायचे आहे. घोडा काढून टाकला तर बरे दिसेल का, जाळीत एलईडी बसवता येतील का आणि हे सारे बंपर न उतरवता होईल का, असेही त्यांनी विचारले आहे.

गेली २२ वर्षे मी मुंबईत गाड्यांच्या बॉडीचे काम करतो आणि त्यातली बरीचशी वर्षे अशाच गाड्यांच्या पुढच्या भागाशी झटण्यात गेली आहेत. माझा सल्ला आधीच सांगतो, म्हणजे पुढची कारणमीमांसा वाचणे सोपे जाईल. कंपनीच्या जाळीची बाहेरची चौकट आणि तिचे सगळे कान, म्हणजे चौकट बंपरमध्ये अडकवून धरणारे प्लॅस्टिकचे तुकडे, शाबूत असतील तर ती चौकट ठेवावी, आतला तुटलेला भाग काढून तिथे १० ते १२ मिलिमीटर भोकांची धातूची षट्कोनी जाळी बसवावी, आणि हे काम बंपर उतरवूनच करावे. चौकटीचे कानच तुटले असतील तर दुरुस्तीत वेळ घालवू नये, पूर्ण जाळी बदलावी.

जाळीचा विचार बहुतेक मालक आरशासमोर उभे राहून केल्यासारखा करतात, म्हणजे ती कशी दिसते एवढाच. माझ्या दृष्टीने ती इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचा पहिला भाग आहे. मस्टँगमध्ये पाच लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन पुढे बसवलेले आहे. जाळीतून शिरलेली हवा आधी एसीच्या कंडेन्सरमधून जाते, मग रेडिएटरमधून आणि त्यामागे पंखा असतो. कंडेन्सरने सोडलेली उष्णता रेडिएटरकडे येणाऱ्या हवेतच मिसळते. गाडी वेगात असते तेव्हा हवा स्वतःच्या जोराने आत घुसते, त्यामुळे जाळी थोडी दाट असली तरी चालून जाते. पण सायन सर्कलपासून दादर टीटीपर्यंत संध्याकाळी साडेसहाला येताना गाडी बहुतेक वेळ उभीच असते आणि तेव्हा हवा ओढण्याचे सगळे काम एकट्या पंख्यावर येते. परदेशी चित्रांत देखणी दिसणारी दाट जाळी तिथल्या मोकळ्या, थंड रस्त्यांवर निभावते आणि आपल्याकडे मे महिन्यात एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीत मार खाते, त्याचे कारण हे आहे.

याची खूण इंजिनच्या तापमानाच्या काट्याआधी एसीत दिसते. सिग्नलला उभे असताना एसीची हवा कोमट होते आणि सागरी सेतूवर गाडी जरा पळू लागली की पुन्हा गार येते, अशी तक्रार घेऊन कोणी आले की मी गॅस तपासण्याआधी पुढची जाळी पाहतो. वरळीच्या एका मालकाची गाडी माझ्याकडे आली होती. त्यांनी दुसरीकडे दुहेरी जाळी बसवून घेतली होती, पुढे मोठ्या भोकांची आणि मागे बारीक, किडे आत जाऊ नयेत म्हणून. माहीम कॉजवेला पोहोचेपर्यंत एसी निरुपयोगी होत असे. दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता आणि दुसऱ्या वेळी तो गरजेपेक्षा जास्त भरला गेल्याने कॉम्प्रेसरवरचा भार उलट वाढला होता. मी बंपर उतरवला तेव्हा मागची बारीक जाळी धूळ आणि चिलटांनी लिंपून गेली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रेडिएटरच्या दोन्ही बाजूंची फोमची पट्टी जाग्यावर नव्हती. जाळी बसवणाऱ्याला ती आड आली असावी आणि त्याने ती काढून टाकली असावी. ती पट्टी नसली की इंजिनकडची तापलेली हवा कडेने फिरून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच गरम हवा परत परत ओढत राहतो. नवी फोमची पट्टी चिकटवली, मागची जाळी काढली, गॅस वजन करून नेमका भरला आणि तक्रार संपली. आपल्या गाडीचे काम कोणीही करो, बंपर उतरवल्यावर या पट्ट्या आणि बाजूचे प्लॅस्टिकचे आडोसे मोजून ठेवायला सांगा आणि बंपर चढवण्याआधी पुन्हा मोजा.

आता जाळी किती मोकळी असावी, याचा हिशेब. तो सोपा आहे आणि दुकानात उभ्या उभ्या करता येतो. भोकाची रुंदी भागिले भोक आणि तारेची मिळून रुंदी, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. भोक ६ मिलिमीटर आणि तार २ मिलिमीटर असेल तर सहा भागिले आठचा वर्ग, म्हणजे सुमारे ५६ टक्के जागा मोकळी राहते. तीच तार आणि १२ मिलिमीटरचे भोक घेतले तर हे प्रमाण ७३ टक्क्यांवर जाते. १० मिलिमीटरला ते ६९ टक्के येते. चौकोनी आणि षट्कोनी दोन्ही भोकांना हाच हिशेब लागू पडतो. मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीला मी दोन तृतीयांशांपेक्षा कमी मोकळी जाळी लावत नाही. १२ मिलिमीटरच्या पुढेही जात नाही, कारण मग घाटात उडणारी खडी सरळ कंडेन्सरवर आदळते आणि कंडेन्सरच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या इतक्या पातळ असतात की एका टोकदार खड्याने गळती सुरू होते.

शिवाय आपल्याकडची नंबरप्लेट ५०० गुणिले १२० मिलिमीटरची असते आणि ती खालच्या जाळीसमोर बसली की ६०० चौरस सेंटिमीटर जागा तिनेच अडवलेली असते. म्हणून वरच्या जाळीत काटकसर करून चालत नाही. ही प्लेट उचलून वरच्या जाळीवर लावण्याची किंवा तिरकी करण्याची कल्पना कोणी सुचवली तर ती स्वीकारू नये.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपनीच्या अनेक जाळ्यांत काही कप्पे मागून बंद असतात. बॅटरीचा झोत मागून टाकला की कोणते कप्पे खरे आणि कोणते नुसते आकाराचे हे लगेच कळते. ते बंद असण्याला कारण असते. ज्या कप्प्यामागे रेडिएटर नाही, तिथून शिरलेली हवा काहीही थंड न करता इंजिनच्या खोलीत दाब वाढवते आणि वेगात गाडीला मागे खेचते. त्यामुळे मनासारखी जाळी करताना मागच्या बाजूने रेडिएटरची रूपरेषा काढून घ्यावी आणि तिच्या बाहेरचा भाग काळ्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याने मागून बंद ठेवावा. बाहेरून जाळी सलग दिसते आणि हवा जिथे हवी तिथेच जाते.

पूर्ण जाळी विकत घेणार असाल तर सर्वात आधी गाडीचे वर्ष नीट सांगा. २०१५ ते २०१७ च्या मस्टँगचा पुढचा भाग आणि २०१८ पासूनचा पुढचा भाग वेगळा आहे आणि दोन्हींच्या जाळ्या एकमेकींच्या बंपरमध्ये बसत नाहीत. शेल्बी या मस्टँगच्या जास्त ताकदीच्या प्रकाराच्या नावाने मिळणाऱ्या जाळ्या तर शेल्बीच्या बंपरसाठीच असतात. त्या घ्यायच्या तर सगळा बंपरच बदलावा लागतो. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, पण मस्टँग ही मुळातच आयात होणारी गाडी असल्याने तिचे सुटे भाग बाहेरूनच मागवावे लागतात आणि त्यासाठी थांबण्याची तयारी ठेवावी लागते. ऑपेरा हाऊसच्या बाजारात मागणी नोंदवून असे भाग आणून देणारे व्यापारी आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांत चौकट मिळून गेली तर तीही वाईट नाही, कारण माझ्या अनुभवात जुन्या ओरिजिनल चौकटीचे प्लॅस्टिक नव्या डुप्लिकेटपेक्षा चांगले निघते.

डुप्लिकेट ओळखायची माझी पद्धत साधी आहे. पुढची बाजू सगळेच गुळगुळीत करतात, म्हणून मी जाळी उलटी करतो. कान चौकटीला जिथे जोडलेला असतो तिथे ओरिजिनलमध्ये बारीक गोलाई असते आणि बाजूला आधाराची कड असते. हलक्या मालात तिथे सरळ काटकोन असतो आणि पहिल्या वर्षातल्या खड्ड्यांनी कान नेमका तिथून तुटतो. मग कानांची संख्या जुन्या जाळीशी ताडून पाहावी. एखादा कान कमी असेल तर दुकानदार त्याने काही बिघडत नाही असे सांगेल, पण ताशी ऐंशीच्या वेगाला तिथे जाळी थरथरू लागते आणि तो आवाज शोधण्यात दोन रविवार जातात.

धातूच्या जाळीत निवड मुख्यतः अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्यात असते. लोखंडाच्या जाळीला काळा रंग मारून बसवण्याचा स्वस्त प्रकारही चालतो, पण दादर, माहीम, वरळी अशा समुद्राकडच्या भागात तो एकच पावसाळा टिकतो आणि मग पांढऱ्या बंपरवर गंजाचे ओघळ उतरतात. अॅल्युमिनियमची जाळी हलकी असते, हाताने वळते आणि कापायला सोपी जाते, मात्र दगड लागला की खोक पडते. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन दर्जे बाजारात मिळतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेत फरक पडतो तो त्यानेच. आपण दादरला राहता आणि गाडी इमारतीखाली मोकळ्या जागेत उभी असते, असे मी धरून चालतो, म्हणून आपल्याला मी ३१६ घ्यायला सांगेन. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात तारेची जाळी चौरस फुटावर मिळते आणि एका गाडीला फार लागत नाही. या कामात खर्च जाळीचा नसून मजुरीचा असतो, तेव्हा जाळीत पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

स्टेनलेस कापताना एक चूक सर्रास होते. ज्या चकतीने आधी लोखंड कापले तीच चकती स्टेनलेसवर चालवली जाते. लोखंडाचे सूक्ष्म कण जाळीच्या कडांत रुतून बसतात आणि महिन्याभरात तिथे चहाच्या रंगाचे डाग उमटतात. गाडीमालकाला वाटते की जाळी खोटी दिली. जाळी खरी असते, चकती वेगळी ठेवायला हवी होती. त्याचप्रमाणे अॅल्युमिनियमची जाळी स्टेनलेसच्या स्क्रूने थेट आवळू नये. खारे पाणी मिळाले की दोन धातूंच्या सांध्यावर अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. मध्ये नायलॉनचा वायसर घातला की हा प्रश्न उरत नाही. कार्बन फायबरच्या चौकटीलाही हेच लागू आहे. शिवाय कार्बनवर ऊन सोसणारा क्लिअर कोट नसेल तर ती दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते.

आता प्रत्यक्ष काम. बंपर न उतरवता वरून हात घालून जाळी ओढून काढणारे कारागीर आहेत, हे मला माहीत आहे. मी तसे करत नाही, कारण मागचे कान दिसत नाहीत आणि जे दिसत नाही ते ओढले की तुटते. आधी पुढच्या चाकांभोवती फेंडरच्या कडेला कागदी टेप लावून घ्यावी, नाहीतर बंपर सुटताना त्याचा कोपरा रंग खरवडतो. बॉनेट उघडून रेडिएटरवरचे काळे कव्हर काढावे. त्याच्या प्लॅस्टिकच्या पिनांचा मधला खिळा पातळ पेचकसाने अर्धा उचलायचा असतो, तो वर आला की पूर्ण पिन सैल होते. आठ वर्षांच्या गाडीत या पिना ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून मी हीट गन लांबून फिरवून त्या जरा कोमट करतो. मग चाकाच्या आतल्या अस्तराचे पुढचे स्क्रू, खालच्या आच्छादनाचे बोल्ट आणि शेवटी बंपरचे दोन्ही कोपरे. कोपरा सोडवताना तळवा चाकाच्या कमानीत आतून घालून बंपर बाहेरच्या दिशेने खेचायचा असतो. खाली ओढला तर त्यामागची पट्टी तुटते. दुसऱ्या बाजूला माणूस हवाच, कारण बंपर सुटल्या क्षणी दिव्यांच्या आणि सेन्सरच्या वायरी ताणल्या जातात. त्यांचे जोड सोडवल्यावर बंपर गोधडीवर तोंडघशी ठेवावा, म्हणजे जाळी मागून निवांतपणे सोडवता येते.

चौकटीतला जुना भाग कापताना घाई केली तर चौकट हातची जाते. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका चौकटीवर ग्राइंडर चालवला होता. प्लॅस्टिक तापून वितळले, चौकट एका बाजूला तीन मिलिमीटर ओढली गेली आणि ती बंपरच्या खाचेत कधीच नीट बसली नाही. त्या गाडीला मी माझ्या खर्चाने नवी चौकट आणून दिली. तेव्हापासून हे काम मी बारीक करवतीने हाताने करतो, कडेला चार-पाच मिलिमीटरची ओठासारखी पट्टी राखतो आणि मग पॉलिश पेपरने ती सारखी करतो.

जाळीचा साचा आधी पुठ्ठ्याचा करावा. पुठ्ठा चौकटीत मागून बसवून पेन्सिलीने कड आखायची आणि सगळीकडे १५ मिलिमीटर जास्त ठेवून जाळी कापायची. षट्कोनी जाळीची ओळ आडवी हवी की उभी, हे कापण्याआधी ठरवावे आणि गाडीच्या मध्यरेषेवर एका षट्कोनाचा नेमका मध्य यावा अशी जाळी ठेवावी. हे पाहिले नाही तर डाव्या-उजव्या कडेला वेगवेगळी अर्धी भोके येतात आणि काहीतरी वाकडे आहे एवढेच पाहणाऱ्याला जाणवत राहते. मस्टँगची जाळी सपाट नाही, तिला मध्ये किंचित फुगवटा आहे. म्हणून जाळी लाकडी ठोकळ्यावर रबरी हातोडीने थोडी थोडी वळवत न्यावी लागते. एकदम वाकवली की भोके चेपून लांबट होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत.

पक्की करताना मी दोन्ही उपाय करतो, दोन भागांचा प्लॅस्टिकचा गोंद आणि आठ ते दहा बारीक स्टेनलेस स्क्रू. नुसता गोंद पावसाच्या पाण्याने आणि उन्हाने सुटण्याची भीती राहते, नुसत्या स्क्रूंनी जाळी खडखडते. केबल टायवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या बांधपट्ट्यांवर, काम उरकलेले असेल तर गाडी ताब्यात घेऊ नये. उन्हाने टाय कडक होऊन तुटतात आणि तुटलेले टोक कंडेन्सरवर घासत राहते. जाळी आणि कंडेन्सर यांच्यामध्ये किमान दोन बोटांचे अंतर असायलाच हवे. कापलेल्या सगळ्या कडा आत वळवलेल्या असाव्यात. आपली गाडी धुणाऱ्या माणसाचा हात त्या जाळीवरून रोज फिरतो आणि रस्त्यावर कोणाला चुकून धक्का लागला तर तिथे धार असता कामा नये. बंपरमागचा फोमचा जाड पट्टा जाळीला जागा व्हावी म्हणून कोणी कापायला निघाले तर त्याला थांबवा. टक्कर झाली तर पहिला मार त्यानेच सोसायचा असतो.

रंगाबद्दल थोडक्यात. धातूच्या जाळीला पावडर कोटिंग उत्तम, पण ते भट्टीत १८० ते २०० अंशांना पक्के होते आणि चौकटीचे एबीएस प्लॅस्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. म्हणून जाळी आधी कोट करून घ्यावी आणि मग चौकटीत बसवावी. उलट क्रमाने कोणी भट्टीत घातली तर चौकटीचा गोळा परत मिळेल. चौकटीला वेगळा रंग द्यायचा असेल तर तो जुलै-ऑगस्टमध्ये देऊ नये. हवेतल्या दमटपणाने काळ्या रंगावर पांढरट झाक येते, आणि काळ्या जाळीत ती लपत नाही. गणपती होऊन पाऊस ओसरला की मग हे काम घ्यावे. क्रोमवर सरळ रंग मारला तर तो पापुद्र्यासारखा निघतो. क्रोम आधी घासून त्याची चकाकी मारायची, एपॉक्सी प्रायमर द्यायचा आणि मगच रंग.

घोड्याविषयी माझे मत आपण विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. तो काढू नये. १९६४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांसमोर आली तेव्हापासून पुढच्या जाळीतला धावता घोडा हीच तिची ओळख आहे. तो काढला की समोरून गाडी अनोळखी दिसू लागते. आपल्या घोड्याचा क्रोम सुटला आहे, तर तो उतरवून मंद काळा किंवा गडद राखाडी करून घ्यावा. काळ्या जाळीवर तो जवळून दिसतो, लांबून जाणवतो, आणि मला ही जोडी फार आवडते. नव्या धातूच्या जाळीवर तो नुसता चिकटवू नये. मागे अॅल्युमिनियमची छोटी पट्टी देऊन दोन स्क्रूंनी धरावा, कारण चिकटवलेला घोडा मुंबईत चोरीला जातो.

एलईडीच्या बाबतीत मी आपल्याला थोडे थांबवेन. जाळीत पांढरे किंवा पिवळसर लहान दिवे बसवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. वेगळा फ्यूज आणि रिले द्यावा, हेडलाइटची वायर सोलून तिला जोड देऊ नये, पाण्यात टिकणारे जोड वापरावेत. लाल दिवा मात्र खासगी गाडीला समोर दाखवता येत नाही आणि निळे लुकलुकणारे दिवे म्हणजे पोलिसांना आमंत्रणच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन्हीही होऊ शकते. नोंदणीच्या कागदावर इंजिन, चासी, बॉडीचा प्रकार आणि रंग लिहिलेला असतो. बंपरच्या आकारातच बसणारी जाळी त्यातले काही बदलत नाही. बंपरच्या पुढे येणारा धातूचा गार्ड ही वेगळी गोष्ट आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितले होते आणि मी ते बसवून देत नाही. विमा कंपनीला मात्र नव्या जाळीचे आणि दिव्यांचे बिल जोडून लेखी कळवावे आणि पॉलिसीत नोंद करून घ्यावी.

आपल्या गाडीचे नाही, पण हे वाचणाऱ्या आणखी कोणाच्या गाडीत पुढच्या वाहनापासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल असेल, तर त्याचा रडार बहुधा जाळीच्या किंवा चिन्हाच्या मागे असतो. त्याच्यासमोर धातू किंवा कार्बन आला की तो आंधळा होतो. तिथे कंपनीचे प्लॅस्टिकचे आवरणच ठेवावे आणि बंपर चढवल्यावर रडारचे कॅलिब्रेशन करून घ्यावे, म्हणजे तो पुन्हा नेमका जुळवून घ्यावा. जाळीमागे उघडझाप करणारी झडप असेल तर ती काढून टाकू नये. डॅशबोर्डवर दोषाचा दिवा लागून राहतो. पोर्शच्या ९११, बॉक्स्टर आणि केमन या गाड्यांची गोष्ट उलटी आहे. त्यांचे रेडिएटर बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि तिथली तोंडे बरीच उघडी असतात. आपल्याकडे गुलमोहोर आणि पर्जन्यवृक्षाची पाने त्यात जाऊन कुजतात आणि कंडेन्सर खालून सडतो. त्या गाड्यांना मी स्वतः होऊन जाळी लावायला सांगतो.

काम झाल्यावर तपासणी आपली आपणच करावी. जाळी काढण्याआधी एका ठरलेल्या वाटेने, समजा माहीमपासून सिग्नल घेत वांद्र्यापर्यंत आणि तिथून सागरी सेतूवरून वरळीला, दुपारच्या वेळी एसी चालू ठेवून जावे. ओबीडीचा छोटा रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र, लावून इंजिनच्या पाण्याचे तापमान आणि एसीच्या झरोक्यात थर्मामीटर धरून हवेचे तापमान, दोन्ही लिहून ठेवावे. नवी जाळी बसल्यावर त्याच वाटेने, त्याच सुमारास पुन्हा जावे. उभ्या गाडीत एसीची हवा आधीपेक्षा दोन-तीन अंशांनी गरम येत असेल तर जाळी दाट आहे किंवा फोमची पट्टी कुठेतरी राहिली आहे. मग एकदा बोरघाट चढून यावे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत चढताना पाण्याचे तापमान चढून एका ठिकाणी स्थिर व्हायला हवे. ते सावकाश चढतच राहिले तर घरी येऊन जाळी उतरवावी.

त्यानंतरची निगा म्हणजे आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याची मंद धार, नेहमी पुढून. प्रेशर पंपाची नळी जवळ धरली की कंडेन्सरच्या पात्या आडव्या होतात. दसऱ्याला गाडीची पूजा करताना झेंडूचे तोरण तारेने जाळीला बांधू नका, ते बॉनेटवर सुती दोऱ्याने बांधा आणि त्याच दिवशी संध्याकाळी काढा. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे अशा गाड्या येतात ज्यांच्या कंडेन्सरवर झेंडूच्या पाकळ्यांचा ओला लगदा बसलेला असतो आणि जाळीच्या कोटिंगवर तारेचे ओरखडे असतात. लिंबू-मिरची लावायची असेल तर तीही जाळीला न लावता खाली टो हुकाच्या, म्हणजे गाडी ओढून नेण्याच्या हुकाच्या, बाजूला लावावी, कारण लिंबाचा रस गळून कोटिंगवर डाग पडतात.

जुनी जाळी, तिचे तुटलेले तुकडे आणि काढलेल्या पिना एका खोक्यात घालून वर्ष आणि किलोमीटर लिहून ठेवा. गाडी पुढे विकताना घेणारा पहिली विचारणा ओरिजिनल भागाचीच करतो. आणि नव्या जाळीचे स्क्रू पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर एकदा हाताच्या छोट्या पान्याने आवळून घ्या. प्लॅस्टिक या काळात जरा दबते, म्हणून ते प्रत्येकी पाव फेरा तरी घेतात.